जुना संगणक : जपावा की वापरावा?

जुन्या वस्तूंविषयीचे प्रेम आपल्या घराघरांत दोन रूपांनी नांदत असते. आजोबांचे खिशातले घड्याळ मखमलीच्या डबीत ठेवलेले असते; सणासुदीला ते बाहेर निघते, सर्वांच्या हातांतून फिरते आणि पुन्हा डबीत जाते. आजीचे पितळी पातेले मात्र रोज शेगडीवर चढते, त्याला अधूनमधून कल्हई होते, त्याचा काठ थोडा वाकतो, आणि तरीही ते घरातच राहते. दोन्ही वस्तू जपलेल्याच आहेत. परंतु जपण्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

गेल्या काही वर्षांत या जुन्या वस्तूंच्या पंगतीत एक अनपेक्षित पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे संगणक. १९७० ते १९९० या दशकांतील संगणक आता जगभर हौसेने जमविले जातात, त्यांचे लिलाव होतात, त्यांच्यासाठी संग्रहालये उभी राहतात. या छंदात प्रारंभापासून दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, यंत्र मूळ स्थितीत, शक्य तितके न हाताळता ठेवावे. दुसरा म्हणतो, जे यंत्र चालू होत नाही ते यंत्र नव्हेच. ते सुरू करावे आणि त्यावर काम करावे.

वरवर पाहता हा हौशी मंडळींचा आपसांतला वाद वाटेल. परंतु वैद्यकीय व्यवसायातील बंधुभगिनींनी आणि एकूणच आपल्या समाजाने त्याकडे थोडे गांभीर्याने पाहावे असे वाटते. ज्या पिढीने आपल्या भागातील दवाखान्यांत, शाळांत आणि छापखान्यांत पहिला संगणक आणला, त्या पिढीच्या नोंदी, हिशेब आणि मराठी मजकूर त्या यंत्रांत आणि त्यांच्या चकत्यांत अडकून पडला आहे. यंत्र जपायचे की वापरायचे, या प्रश्नाच्या उत्तरावर तो मजकूर पुढच्या पिढीला मिळणार की नाही हे अवलंबून आहे.

संग्राहकाचे म्हणणे

संग्राहकाची थट्टा करणे सोपे असते. पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, कुलुपे, दौती, वेण्या-फण्यांच्या पेट्या असल्या नित्य वापरातल्या वस्तू गोळा करू लागले, तेव्हा त्या वस्तूंना लोकांच्या लेखी मोडीचीच किंमत होती. बालपणी निवर्तलेल्या आपल्या पुत्राच्या नावाने त्यांनी उभारलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय आज सुमारे वीस हजार वस्तूंचे घर आहे. त्यांनी त्या वेळी हात आखडता घेतला असता, तर आपल्या पणजीच्या स्वयंपाकघरात काय होते हे सांगायला केवळ वर्णने उरली असती.

संगणकाच्या बाबतीत हेच घडले. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी रचलेला ॲपल-१ हा संगणक १९७६ मध्ये ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जात असे. असे सुमारे दोनशेच संगणक तयार झाले. पुढे नवे, अधिक सोयीचे यंत्र आले आणि त्यांतील अनेक नष्ट झाले. २०१४ मध्ये त्यांतला एक चालू स्थितीतील संगणक अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने नऊ लाख पाच हजार डॉलरला घेतला. ही किंमत त्याच्या गणनशक्तीची नव्हे. आज शंभर रुपयांच्या खेळण्यातही त्याहून अधिक शक्ती असते. ती किंमत उरलेल्या साक्षीदाराची आहे.

आपल्याकडची स्थिती याहून करुण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने १९५० च्या दशकात संपूर्ण भारतीय रचनेचा संगणक बांधला. १९६० मध्ये तो पूर्णत्वाने कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले, ‘टिफ्रॅक’. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मरणशक्ती होती २,०४८ शब्दांची. म्हणजे या लेखाइतका मजकूरही त्यात मावला नसता. या गटातील बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता. १९६४ मध्ये संस्थेत परदेशी बनावटीचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस सरले. आज टिफ्रॅकसमोर बसून एखादे गणित करून पाहावे असे कोणाच्या मनात आले, तर ते शक्य नाही. जे कळते ते छायाचित्रांतून, लेखांतून आणि तेथे काम केलेल्यांच्या आठवणींतून.

शालेय संगणकांची गोष्टही तशीच. १९८४ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने सुरू केलेल्या योजनेतून देशातील सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. एका पिढीच्या विद्यार्थ्यांची संगणकाशी पहिली ओळख त्यांवर झाली. आज त्यांपैकी किती शाळांच्या कपाटात ते यंत्र सापडेल? संग्राहकाचे म्हणणे एवढेच, की आधी वस्तू राहिली पाहिजे. वापराचा प्रश्न त्यानंतरचा.

वापरणाऱ्याचे म्हणणे

आता दुसरी बाजू ऐकू. इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रासाठी १९५१ मध्ये एक संगणक सुरू झाला. तो वेगवान मुळीच नव्हता. एका गुणाकाराला त्याला पाच ते दहा सेकंद लागत. मात्र तो न थकता, न चुकता दिवसेंदिवस चाले. पुढे १९५७ मध्ये तो वुल्व्हरहॅम्प्टन येथील महाविद्यालयाला मिळाला आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. तेथे त्याला ‘विच’ हे नाव पडले. नंतर तो एका संग्रहालयात शोभेची वस्तू म्हणून उभा राहिला आणि ते संग्रहालय बंद झाल्यावर सुटा करून गोदामात गेला.

२००९ मध्ये ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयातील स्वयंसेवकांनी ते अडीच टनांचे सांगाडे बाहेर काढले आणि तीन वर्षे खपून नोव्हेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा सुरू केला. मूळ स्वरूपातला आणि अद्याप चालणारा जगातील सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून तो आज ओळखला जातो. त्यातील डेकाट्रॉन नळ्यांत नारिंगी ठिपके फिरताना दिसतात. यंत्र आकडे मोजते आहे हे डोळ्यांना दिसते. शाळेतल्या मुलाला ‘संगणक कसा विचार करतो’ हे तासभर सांगण्यापेक्षा ते पाच मिनिटांचे दर्शन अधिक शिकवून जाते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आयबीएम १४०१ या १९५९ च्या संगणकाचे दोन नमुने याच रीतीने चालू केले गेले. ते चालू कोणी केले? त्या काळी याच यंत्रांची देखभाल केलेल्या, आता निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी. पत्र्याचा कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता बिघाडाचा, पंचकार्ड कोठे अडकते, कोणती कळ किती हलक्या हाताने दाबावी, हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. ते त्यांच्या बोटांत होते. यंत्र बंद राहिले असते, तर ही विद्या त्यांच्याबरोबरच गेली असती.

आपल्या व्यवसायातील मंडळींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अस्थिसंचावरून शरीररचना शिकता येते; नाडी मात्र जिवंत मनगटावरच शिकावी लागते. हृदयाचे ठोके छापील पानावर कितीही नेमके वर्णिले असले, तरी कान त्या आवाजाला सरावतो तो रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावरच.

वापराची झीज आणि न वापरण्याची झीज

संग्राहकाचा मुख्य आक्षेप असा की वापराने यंत्र झिजते. हे खरेच आहे. निर्वात नळ्यांचे आयुष्य मोजके असते. चकती फिरविणारी मोटार, तिचे पट्टे, कळफलकाच्या खालच्या स्प्रिंगा या सर्वांना झीज आहे. एखाद्या यंत्राचा जगात एकच नमुना उरला असेल, तर त्यावर हौसेखातर खेळ खेळत बसणे हे संग्रहालयातील पैठणी लग्नात नेसण्यासारखे होईल.

परंतु कपाटात ठेवलेले यंत्र झिजत नाही, हा समजही चुकीचा आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नावाचे छोटे दंडगोल असतात. त्यांच्यातील द्रव काळानुसार सुकतो किंवा गळतो. ते न वापरताही निकामी होतात आणि अनेक वर्षांनी एकदम वीज दिली तर फुटूही शकतात. १९८० च्या उत्तरार्धातील आणि १९९० च्या प्रारंभीच्या अनेक संगणकांत घड्याळ चालू ठेवण्यासाठी मुख्य फलकावरच निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी डाख देऊन बसविलेली असे. ती गळली की त्यातील क्षार तांब्याच्या सूक्ष्म वाटा खाऊन टाकतो. बाहेरून पेटी नवीकोरी दिसते आणि आतून मेंदूच गेलेला असतो.

आपल्या अळणावरकडचे हवामान यात भर घालते. सह्याद्रीच्या कडेला, जंगलाच्या शेजारी वसलेल्या गावात पावसाळ्याचे चार महिने कपाटातील चामड्याच्या वस्तूंना बुरशी येते हे आपण सारे जाणतो. फ्लॉपीच्या चकतीवरील चुंबकीय लेपालाही तीच बुरशी येते. अशी चकती तशीच यंत्रात घातली, तर ती स्वतः तर खरवडली जातेच, शिवाय वाचणारे शीर्षही खराब करते आणि त्यामागून घातलेल्या चांगल्या चकत्यांनाही इजा होते. संसर्ग कसा पसरतो याचे हे निर्जीव सृष्टीतील उदाहरण म्हणता येईल.

तेव्हा निवड झीज आणि निर्झीज यांच्यातली नाही. दोन प्रकारच्या झिजांतली आहे, आणि त्यांतली न वापरण्याची झीज दिसत नाही म्हणून अधिक घातक आहे.

रूळ नसलेले इंजिन

अळणावर हे रेल्वेचे जंक्शन. येथील ज्येष्ठांना मीटरगेजचे दिवस आठवत असतील. सदर्न मराठा रेल्वेने या भागात टाकलेले ते अरुंद रूळ पुढे ब्रॉडगेजमध्ये बदलले गेले आणि त्यांवरची वाफेची इंजिने गेली. हुबळीत २०२० मध्ये रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तेथे लहान मापाच्या जुन्या इंजिनांसमोर मुले आनंदाने छायाचित्रे काढून घेतात. ती इंजिने उत्तम जपलेली आहेत. पण एखाद्याने ठरविले की यांपैकी एक उद्या अळणावरपर्यंत आणू, तर इंजिन दुरुस्त करून भागणार नाही. त्या मापाचे रूळ हवेत, पाणी भरण्याची सोय हवी, कोळसा टाकणारा आणि वाफेचा दाब ओळखणारा माणूस हवा.

संगणकाचे नेमके हेच आहे. पेटी हे केवळ इंजिन होय. तिला चालविणारी डॉससारखी प्रणाली, वर्डस्टार किंवा फॉक्सप्रोसारखे त्यावरचे कार्यक्रम, ज्यावर मजकूर साठविला त्या सव्वापाच किंवा साडेतीन इंची चकत्या, त्या वाचणारे खण, आणि हे सारे कोणत्या क्रमाने सुरू करायचे ते ठाऊक असलेली व्यक्ती, हे सर्व मिळून संगणक होतो. संग्राहक बहुधा पेटी जपतो. वापरणाऱ्याला उरलेल्या गोष्टी जपाव्याच लागतात, कारण त्यांच्यावाचून त्याचे पान हलत नाही. वापराचा खरा लाभ येथे आहे.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण इंग्लंडमध्येच घडले. १०८६ मध्ये राजा विल्यमच्या आज्ञेने त्या देशातील जमीनजुमल्याची ‘डूम्सडे’ नावाची नोंदवही झाली. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने शाळांतील मुलांकडून देशभराची माहिती, नकाशे व छायाचित्रे गोळा करून ती विशेष प्रकारच्या लेझर चकत्यांवर साठविली. ती वाचण्यासाठी बीबीसीचाच खास जोडणीचा संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांतच असे चालू संच दुर्मीळ झाले आणि चकत्या धड असूनही वाचता येईनाशा झाल्या. अखेर २००२ च्या सुमारास संशोधकांनी त्या जुन्या संचाचे वागणे नव्या संगणकात हुबेहूब उतरवून माहिती सोडविली. चर्मपत्रावरची मूळ वही मात्र नऊशे वर्षांनंतरही उघडून वाचता येत होती.

अक्षरे आहेत, पण वाचता येत नाहीत

डूम्सडेची गोष्ट दूरची वाटत असेल, तर आपल्या मराठीकडे वळू. १९९० च्या आणि २००० च्या दशकांत आपल्यासारख्या असंख्य मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींतील अक्षरांत जुळविले गेले. त्या काळातील बहुतेक मराठी फाँटांची युक्ती अशी होती, की संगणकात इंग्रजी अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी असलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: एका जागेवर काना, दुसरीवर वेलांटी, तिसरीवर अर्धा ‘क’. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या क्रमाने बसविले. त्यामुळे तो विशिष्ट फाँट संगणकात असेतो मजकूर मराठी. तो फाँट नाही, की तीच फाइल निरर्थक इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही समान संकेतप्रणाली प्रमाणित केली होती आणि सी-डॅकची जिस्ट कार्डे तिच्यावर चालत. तथापि छापखान्यांच्या व्यवहारात कंपन्यांचे स्वतंत्र संकेतच रुळले. पुढे युनिकोड आले, विंडोज २००० पासून देवनागरी त्यात लिहिता येऊ लागली, आणि हळूहळू जुने संकेत मागे पडले. कन्नडमध्ये ‘नुडी’ व ‘बरह’ यांच्या जुन्या मजकुराविषयी आपल्या कन्नडभाषक मित्रांचाही हाच अनुभव आहे.

आता कल्पना करा. एखाद्या मंडळाच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेत गावातील साथीच्या रोगांविषयीचा लेख आहे, दिवंगत डॉक्टरांच्या हातची आठवण आहे, तेव्हाच्या सभासदांची यादी आहे. छापील प्रती पावसाने आणि वाळवीने नेल्या. चकती सापडते, ती वाचलीही जाते. परंतु पडद्यावर उमटते ती अनाकलनीय चिन्हांची गर्दी. अशा वेळी ज्या कोणाकडे जुना, चालू संगणक असेल, त्यात पेजमेकर आणि तो फाँट असेल, तोच तो लेख पुन्हा वाचू शकतो. त्या क्षणी तो संगणक पुराणवस्तू राहत नाही. तो दुभाषा होतो.

दवाखान्यातील जुने यंत्र

वैद्यकीय क्षेत्रात जुने संगणक वापरात राहण्याचे आणखी एक कारण आहे. रक्ततपासणीची, क्ष-किरणांची किंवा सोनोग्राफीची अनेक उपकरणे एका ठरावीक संगणकाला आणि त्यावरच्या ठरावीक प्रणालीला जोडलेली असतात. उपकरण ठणठणीत असते, त्याला लाखो रुपये पडलेले असतात. मात्र त्याचा संगणक पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि नव्या संगणकात त्याचे जोडकार्ड बसत नाही. येथे जुना संगणक वापरणे ही हौस नसून गरज असते.

जुने म्हणून ते त्याज्य असेही नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांच्या नोंदींसाठी ‘मम्प्स’ नावाची संगणकभाषा तयार झाली. गालगुंडाचे इंग्रजी नाव धारण करणारी ही भाषा आज साठीची होत आली, तरी अमेरिकेतील कित्येक मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी अद्याप तिच्या पायावर उभ्या आहेत. ती टिकली याचे कारण ती सतत वापरात राहिली, दुरुस्त होत राहिली, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेली गेली.

परंतु वापराच्या बाजूने बोलताना सावधगिरीही सांगितली पाहिजे. विंडोज एक्सपीला कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणकविषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया व भेटी रद्द कराव्या लागल्या; वेळेवर दुरुस्त्या न केलेल्या प्रणाली हे त्याचे मोठे कारण होते. म्हणून उपकरणाला जोडलेला जुना संगणक जरूर चालवावा, परंतु त्याला इंटरनेटची जोडणी देऊ नये, आणि बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्यावाचून लावू नये. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या रुग्णाला आपण गर्दीत पाठवीत नाही, तसेच हे आहे.

दोन्ही पक्षांचा समेट

मग जपावे की वापरावे? अनुभवी संग्रहालयांनी या वादातून जी वाट काढली आहे ती आपल्यालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, सर्व जुनी यंत्रे एका मापाची नसतात. ज्याचा एकच नमुना उरला आहे ते विश्रांतीला पात्र आहे. त्याचे मोजमाप, छायाचित्रे आणि नकाशे घ्यावेत, आणि चालवायची असेल तर त्याची प्रतिकृती चालवावी. युद्धकाळात सांकेतिक संदेश उलगडणारा इंग्लंडचा ‘कोलोसस’ संगणक नष्ट केला गेला होता; टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून चौदा वर्षे खपून त्याची चालती प्रतिकृती २००७ मध्ये पूर्ण केली. याउलट ज्या यंत्राचे शेकडो नमुने आहेत त्यातील काही तरी हातांखाली राहिलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट, यंत्र सुरू करण्यासाठी भाग बदलावे लागले तर त्याचे मोल जाते काय? नेत्रपटल, मूत्रपिंड, हृदयाची झडप बदललेला रुग्ण तोच माणूस राहतो, असे आपण निःशंक मानतो. मात्र आपण त्याच्या केसपेपरवर सारे लिहून ठेवतो. यंत्रालाही केसपेपर असावा. कोणता भाग केव्हा बदलला हे लिहावे, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा आणि केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटविता येईल अशी असावी.

तिसरी गोष्ट, आता जुन्या संगणकाचे वागणे नव्या संगणकात हुबेहूब उतरविणारे ‘इम्युलेटर’ उपलब्ध आहेत. डूम्सडेची माहिती याच मार्गाने सुटली. यामुळे मूळ यंत्राला न झिजवता त्यावरचा जुना कार्यक्रम चालविता येतो. पण तो नक्कल बरोबर करतो की नाही हे तपासायला कोठेतरी एक मूळ यंत्र चालू हवे, आणि त्याच्यात घालण्यासाठी जुना कार्यक्रम कोणीतरी जपलेला हवा. म्हणजे वापरणाऱ्याला संग्राहक हवाच, आणि संग्राहकालाही वापरणारा हवा.

चौथी गोष्ट, एका धनवंताच्या हौसेवर विसंबू नये. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी सिएटलमध्ये असे संग्रहालय काढले होते, जेथे जुने महासंगणक केवळ पाहायचे नसून बसून वापरायचे होते. २०१२ मध्ये ते लोकांना खुले झाले. ॲलन २०१८ मध्ये निवर्तले; २०२० च्या महामारीत संग्रहालय बंद झाले ते पुन्हा उघडले नाही, आणि २०२४ मध्ये त्यातील यंत्रांचा लिलाव झाला. वापरायचे म्हणून जपलेली यंत्रे पुन्हा खाजगी संग्रहांत विखुरली. जे कार्य चार जणांनी मिळून केले जाते, ते एकाच्या मागे थांबत नाही.

माळ्यावरच्या खोक्याचे काय करावे?

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर किंवा दवाखान्याच्या मागच्या खोलीत एखादे खोके असेल. त्याविषयी काही सूचना येथे नमूद करतो.

खोके उघडल्याबरोबर वीज देऊ नये. आधी धूळ काढावी, मुख्य फलकावर गळलेली बॅटरी आहे का ते पाहावे व असल्यास ती जाणकाराकडून काढून घ्यावी. काचेच्या जुन्या पडद्याच्या मागच्या भागात वीज बंद केल्यावरही धोकादायक दाब राहू शकतो. त्याला स्वतः हात लावू नये.

यंत्राच्या आधी आतल्या माहितीकडे लक्ष द्यावे. बुरशी नसलेल्या साडेतीन इंची चकत्या यूएसबी जोडणीच्या स्वस्त खणातून नव्या संगणकात वाचता येतात. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना खणच लागतो, म्हणून तो कोणाकडे चालू स्थितीत असेल तर त्याची नोंद मंडळाकडे असावी. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीचे उत्पादन थांबविले, यावरून वेळ किती उरला आहे याची कल्पना यावी. फॉक्सप्रो अथवा डीबेसमधील नोंदी आजच्या सामान्य तक्तापत्रकात उघडता येतात. जुन्या फाँटातील मराठी मजकुराची आधी मूळ यंत्रावर पीडीएफ करून घ्यावी, म्हणजे पानाचे रूप टिकेल. मग परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणून वाचून दुरुस्त करावा.

रुग्णांच्या नोंदींविषयी विशेष दक्षता हवी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आवश्यक आहे. त्यानंतरही त्यांची गोपनीयता संपत नाही. संगणक संग्राहकाला, शाळेला किंवा भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्डडिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णतः पुसावी. टाकायचाच असेल तर ई-कचऱ्याच्या अधिकृत मार्गाने टाकावा. पडद्याच्या काचेत शिसे असते आणि ते आपल्याच विहिरीच्या पाण्यात उतरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांनी ते यंत्र चालविले ती माणसे आज आपल्यात आहेत. दवाखान्याचा हिशेब फॉक्सप्रोमध्ये घालणारे कंपाउंडर, रात्ररात्र जागून स्मरणिकेची पाने जुळविणारे छापखान्यातील तंत्रज्ञ, शाळेत पहिल्यांदा संगणक शिकविणारे गुरुजी. यंत्र सुरू करण्याचा क्रम त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावा. शक्य असल्यास वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, त्यांना बोलावून ते त्यांच्याच हातांनी सुरू करून घ्यावे आणि शेजारी एखाद्या शाळकरी मुलाला बसवावे. एवढे आपल्या मंडळाला सहज करता येईल. यंत्र आणखी दहा वर्षे टिकेल की नाही हे सांगता येत नाही. पण त्यातील मजकूर, तो वाचण्याची रीत आणि ती रीत शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी, एवढे तरी या गावात निश्चित उरेल.